लवणासुराचा वध आणि श्रोत्याची सहानुभूती

अद्भुतकथेतील खलपुरुषाविषयी वाचकाला सहानुभूती वाटावी, म्हणून लेखक बहुधा त्याच्या पदरी एक दुःखी बालपण बांधतो. हा उपाय सोपा, आणि म्हणूनच दुबळा होय. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारची आख्यायिका निराळी वाट दाखविते. लवणासुराने लोकांना छळले. त्याबद्दल ती कसलीही सबब पुढे करीत नाही. तो भूमिगत विवरात दडला असता विष्णूने सुंदर तरुणाचे रूप घेऊन त्याच्या दोन बहिणींना मोहित केले, त्यांच्याकडून दडण्याची जागा काढून घेतली, आणि पायाच्या अंगठ्याने विवराचे झाकण उडवून त्याचा वध केला. दैत्य शेवटपर्यंत दैत्यच राहतो. परंतु तो घरच्याच माणसांकडून उघडा पडतो, आणि नेमके येथे श्रोत्याचे मन क्षणभर त्याच्याकडे झुकते. त्या बहिणींचे पुढे काय झाले असेल? आख्यायिका घाईने वधाकडे वळते. आजच्या कथाकाराने मात्र येथेच थांबावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर अशनीच्या आघाताने निर्माण झाले, हे भूविज्ञानाने दाखवून दिले आहे. तरीही लोकांच्या लेखी ते लवणासुराचेच घर आहे, आणि गावातील देवालयाचा विष्णूही ‘दैत्यसूदन’ याच नावाने ओळखला जातो.