डोक्यातले वाहते पाणी

आपली काळी नदी जोयडा तालुक्यातच डिग्गीजवळ उगम पावते आणि कारवारला समुद्राला मिळते. सुप्याला धरण झाले तेव्हा पाणी कुठवर चढले, हे इथल्या जुन्या घरांना सांगायला नको. वाट अडली की पाणी मागे फुगते. मेंदूतही तसेच घडते.

मेंदूच्या आत चार पोकळ्या आहेत. त्यांना मस्तिष्कविवरे म्हणतात. त्यांतील केशवाहिन्यांच्या झुबक्यांत रक्तापासून पाण्यासारखा नितळ द्रव तयार होतो. दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर. डोके आणि कणा मिळून एका वेळी तो असतो मात्र सुमारे १५० मिलिलिटरच. म्हणजे हे पाणी दिवसातून तीनेकदा नवे होते.

डाव्या-उजव्या मोठ्या विवरांतून द्रव मधल्या तिसऱ्या विवरात येतो, तिथून सिल्व्हियसच्या नाल्याने चौथ्यात. हा नाला जेमतेम दीड-दोन मिलिमीटर रुंद. चौथ्या विवराच्या छिद्रांतून द्रव बाहेर पडतो, मेंदू व मज्जारज्जूभोवती खेळतो आणि बराचसा कवटीखालच्या मोठ्या शिरांतून रक्तात परततो. हृदयाचा ठोका आणि श्वास त्याला हलता ठेवतात. या द्रवात तरंगत असल्यामुळे सुमारे १४०० ग्रॅमच्या मेंदूचा भार जेमतेम ५० ग्रॅमइतका उरतो.

वाट बुजली तरी उगम मात्र थांबत नाही. तान्ह्या बाळाच्या कवटीची हाडे सांधलेली नसतात, म्हणून डोके भराभर वाढते. हाच जलशीर्ष रोग. मोठ्यांची कवटी ताणत नाही. मग डोकेदुखी, ओकाऱ्या आणि झापड येते.

वृद्धांमध्ये याचा एक छुपा प्रकार आढळतो. कोलंबियातील डॉ. सालोमोन हाकिम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये तो जगापुढे मांडला. पाय जमिनीला चिकटल्यासारखे पडतात, लघवी आवरत नाही, विसर पडू लागतो. घरचे म्हणतात, वय झाले. अशा वेळी डॉक्टर मेंदूचे स्कॅन करतात, कमरेतून थोडा द्रव काढून चाल सुधारते का ते पाहतात. सुधारली, तर शंट नावाची झडपेची बारीक नळी बसवून जादा द्रव पोटात सोडता येतो. अनेकांची चाल त्याने पुन्हा सुधारते.

म्हणून बाळाच्या डोक्याचा घेर दवाखान्यात वेळोवेळी मोजून घ्या. आणि आजोबांची पावले अडखळू लागली, तर म्हातारपणाला दोष देण्याआधी डॉक्टरांना दाखवा. अडलेली प्रत्येक वाट मोकळी होतेच असे नाही, पण काही होतात. त्यासाठी ती वेळेवर ओळखावी लागते.