आकडा आणि अपेक्षा

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण आपण उतावळ्या माणसाला उद्देशून वापरतो. शेअर बाजाराचा व्यवहार मात्र बहुतांशी अशा घरी न आलेल्या तुरींवरच चालतो. आजच्या मिळकतीपेक्षा उद्याच्या प्राप्तीचे मोल तेथे ठरत असते. आणि त्या ‘उद्या’चा अदमास घेण्यासाठी महागाई, उत्पादन, आयात-निर्यात यांच्या सरकारी आकड्यांचा आधार घेतला जातो. तथापि वाईट आकडा आला की बाजार कोसळावा आणि चांगला आला की वधारावा, इतके हे गणित सरळ नाही. २०२२ सालातील दोन दिवसांची तुलना केली असता त्यातील मर्म ध्यानी येते.

त्या वर्षी फेब्रुवारीच्या पूर्वार्धात रिझर्व्ह बँकेने २०२२-२३ साठी महागाई ४.५ टक्के आणि आर्थिक वाढ ७.८ टक्के राहील, असा अंदाज वर्तविला होता. त्याच महिन्याच्या २४ तारखेस रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. खनिज तेलाचे भाव भडकले; सूर्यफुलाचे तेल महागल्याची वार्ता तर गृहिणींना सांगावीच लागली नाही. एप्रिलमध्ये बँकेने महागाईचा अंदाज ५.७ टक्क्यांवर नेला, वाढीचा ७.२ टक्क्यांवर आणला. लगोलग मार्चच्या महागाईचा आकडा जाहीर झाला : ६.९५ टक्के. बँकेला आखून दिलेली कमाल मर्यादा होती ६ टक्के.

पतधोरण समितीची नियोजित बैठक जूनमध्ये होती. परंतु ४ मे रोजी गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी अकस्मात रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्प मुदतीचे कर्ज देते तो दर, ४ वरून ४.४० टक्के केल्याचे घोषित केले. बँकांनी ठेवावयाच्या रोख राखीव निधीचे प्रमाणही वाढविले. त्या दिवशी मुंबई शेअर बाजाराचा निर्देशांक सुमारे १,३०० अंशांनी घसरला. पुढे ८ जून रोजी रेपो दर आणखी ०.५० टक्क्याने वाढला आणि महागाईचा अंदाज ६.७ टक्क्यांवर गेला. निर्देशांक उतरला तो अवघा सुमारे २०० अंशांनी!

दरवाढ मोठी, पण धक्का लहान. असे का व्हावे? मधल्या काळात एप्रिलच्या महागाईचा ७.७९ टक्के हा आकडा आला होता आणि जूनची दरवाढ सर्वांनी गृहीत धरली होती. बाजाराला हादरा बसतो तो आकडा आणि अपेक्षा यांतील अंतराचा.

या अपेक्षांचा प्रवास बाजारापाशी थांबत नाही. व्याज वाढेल असे दिसताच कारखानदार नवी यंत्रे घेण्याचे लांबणीवर टाकतो, घर घेऊ पाहणारा थबकतो. आणि साहजिकच देशाच्या वाढीचे अंदाज खाली येऊ लागतात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर ६.५० टक्क्यांवर पोहोचला. वीस वर्षांच्या दहा लाखांच्या गृहकर्जाचा दर पावणेसातवरून सव्वानऊ टक्के झाला, तर मासिक हप्ता सुमारे दीड हजार रुपयांनी वाढतो. इंदूर, बडोदे वा बेळगाव येथील ज्या कुटुंबाने आयुष्यात एकही शेअर घेतलेला नाही, त्यालाही हा भार चुकत नाही. ठेवीदाराला व्याज अधिक मिळते खरे. पण महागाई त्याहून वेगाने वाढली, तर ती वाढ केवळ पासबुकातच राहते.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. आकडा हा गेलेल्या महिन्याचा वा तिमाहीचा असतो, आणि राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे तर मागाहून सुधारलेही जातात. म्हणून वर्तमानपत्रात ठळक टाइपातील टक्केवारी वाचली की, हा आकडा कोणत्या काळाचा आहे आणि जाणत्यांची अपेक्षा काय होती, हे आधी पाहावे. मुदत ठेव मोडण्याचा किंवा शेअर विकण्याचा निर्णय त्यानंतरच घ्यावा.