मृताची फिर्याद

अर्जेन्टिनातील हेरकथेने १९४२ पासूनच्या अर्धशतकात घेतलेली वळणे पाहता, अद्भुताचा आश्रय तिने वास्तवापासून पळण्यासाठी घेतला हा रूढ आक्षेप मला तरी पटत नाही. त्या वर्षी ‘सूर’ मासिकात आलेल्या ‘मृत्यू आणि होकायंत्र’ या बोर्हेसच्या कथेतील तर्कनिष्ठ शोधक, नकाशावर खुनांची भूमिती बिनचूक मांडून, त्या बिनचूकपणापायीच आपल्या मारेकऱ्याच्या दारात जाऊन उभा राहतो. त्याच साली बोर्हेस आणि बिओय कासारेस या जोडीने सामाईक टोपणनावाने इसिद्रो पारोदी निर्मिला. न केलेल्या खुनापायी २७३ क्रमांकाच्या कोठडीत खितपत पडलेला हा कैदी तेथे बसूनच बाहेरच्यांचे गुन्हे उलगडतो.

१९४६ साली पेरोन सत्तेवर येताच, नगरपालिकेच्या ग्रंथालयात नोकरीस असलेल्या बोर्हेसला मंडईतील कोंबड्या-सशांचा निरीक्षक नेमल्याचा हुकूम निघाला, असे तो पुढे सांगत असे. त्याने राजीनामा दिला. आणि १९४७ मध्ये त्याच टोपणनावाने लिहिलेल्या ‘राक्षसाचा उत्सव’ या पेरोनविरोधी कथेला छापखाना दिसला तो १९५५ मध्ये, पेरोनच्या पतनानंतर.

परंतु खरे अद्भुत पुढेच घडले. पेरोनला हुसकणाऱ्या लष्करी राजवटीने, जिचे बोर्हेसने स्वागतच केले होते, जून १९५६ च्या बंडाच्या रात्री पकडलेल्या नागरिकांना उकिरड्यावर नेऊन गोळ्या घातल्या. आणि सहा महिन्यांनी ला प्लाता शहरातील एका कॅफेत, तोवर नेटक्या हेरकथा लिहिणाऱ्या रोदोल्फो वॉल्शच्या कानी आले की त्या मारलेल्यांतला एकजण जिवंत आहे. भुताने फिर्याद गुदरावी, असाच हा प्रकार! वॉल्शने पुरावा जुळवत नेला, तेव्हा निर्णायक दाखला सापडला तो सरकारी रेडिओच्याच नोंदवहीत: लष्करी कायदा जाहीर झाला १० जूनला, मध्यरात्रीनंतर ३२ मिनिटांनी, आणि अटका तर आदल्या रात्री अकराच्या सुमारास झालेल्या, अर्थात ज्या कायद्याखाली देहान्त शासन झाले, तो या माणसांना धरले तेव्हा अंमलात नव्हताच. १९५७ च्या त्याच्या ग्रंथात गुन्हेगार सापडतो, पण बेड्या घालायला कोणी येत नाही, कारण अंमलदारच आरोपी. २५ मार्च १९७७ रोजी, नव्या लष्करशहांना लिहिलेल्या अनावृत पत्राच्या प्रती टपालात टाकून निघालेला वॉल्श भर रस्त्यात गोळ्यांना बळी पडला. त्याचा देह आजतागायत मिळालेला नाही.

रिकार्दो पिग्लियाच्या १९९२ मधील ‘अनुपस्थित नगरी’त शोध घेणारा आहे एक बातमीदार, आणि बोलणारा मृत म्हणजे एक यंत्र: दिवंगत पत्नीचे चैतन्य साठवलेले, संग्रहालयात ठेवलेले, सरकार बंद पाडू पाहत असलेले ते यंत्र, दप्तरी नोंद नसलेल्या प्रेतांच्या गोष्टी सांगतच राहते.