तिकीट, रोजी आणि केसपेपर
लेखमाला : जिल्ह्याची तब्येत : लेखांक ५

केशोरी हे अर्जुनी मोरगाव तालुक्याच्या टोकाचं गाव. पलीकडे गडचिरोलीचं जंगल सुरू होतं. इथल्या एखाद्या घरात बारावीतली मुलगी आहे असं समजू. दिवाळीपासून तिचं जेवण तुटलंय, रात्र रात्र डोळा लागत नाही आणि कॉलेजचं नाव काढलं की पोटात दुखतं. घरचे साहजिकच आधी पोटाचा इलाज करतात. रक्त-लघवी तपासली जाते, सोनोग्राफी होते, सगळं नॉर्मल येतं. शेजारची बाई हळूच सांगते, बाहेरचं असेल, एकदा दाखवून आणा. तेही होतं. या साऱ्यात तीन-चार महिने आणि पाच-सात हजार रुपये गेले, की कुठलातरी डॉक्टर चिठ्ठीवर लिहून देतो : मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा.

कुठे दाखवायचं, हा पहिला प्रश्न. किती लागतील, हा दुसरा. गोंदिया जिल्ह्यात या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांत गुंतलेली आहेत, कारण इथे डॉक्टरच्या फीपेक्षा डॉक्टरपर्यंत पोचणं महाग पडतं.

वाटा तीन. पहिली गोंदिया शहराची. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून हा जिल्हा वेगळा झाला आणि २०१६ मध्ये गोंदियाला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आलं. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय, म्हणजे सगळ्यांच्या तोंडचं केटीएस, या महाविद्यालयाला जोडलं गेलं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मनोविकारशास्त्र विभाग आलाच. दुसरी वाट ब्रह्मपुरीची. अर्जुनीकडच्या माणसाला ती पायाखालची आहे, दवाखाने भरपूर आहेत, पण तिथे जिल्हा बदलतो आणि बहुतेक काम खासगी. तिसरी वाट नागपूरची. तिथे मेडिकल, मेयो, एम्स आणि मानकापूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. राज्यात अशी सरकारी मनोरुग्णालयं चारच : ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर. विदर्भात ‘नागपूरला नेलं’ या दोन शब्दांनी पोरीचं लग्न मोडू शकतं, म्हणून अनेक पालक ते नाव ऐकताच पाय मागे घेतात. खरं तर निद्रानाश, धास्ती, उदासी अशा तक्रारींसाठी तिथवर जायची गरज बहुतेक मुलांना पडत नाही.

आता पैशांचं बघू. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून तपासण्यांपर्यंत सगळं मोफत झालं. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय ही सगळी त्यात आली. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं मात्र दुसऱ्या खात्याखाली, म्हणून त्या निर्णयाबाहेर राहिली. म्हणजे गोंदियाचं मोठं सरकारी रुग्णालय महाविद्यालयाकडे गेल्यामुळे गावच्या आरोग्य केंद्रात जे फुकट, त्याला तिथे थोडे पैसे मोजावे लागू शकतात. रक्कम किरकोळ असते. घाव पडतो तो दुसरीकडे.

मुलगी एकटी जात नाही. सोबत आई किंवा बाप लागतोच. केशोरीहून गोंदियाला जाऊन ओपीडीच्या वेळेत नंबर लावायचा आणि परतायचं, यात अख्खा दिवस जातो. रोजगार हमीची रोजी २०२४-२५ मध्ये २९७ रुपये होती. रोवणीच्या किंवा कापणीच्या दिवसांत तर मजुरीसोबत मालकाचा शब्दही बुडतो. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, त्यामुळे मायलेकी निघाल्या तर बरंच हलकं पडतं. बाप-लेक निघाले तर तितकं नाही. मनाचा इलाज एका फेरीत होत नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांत दर पंधरवड्याला, मग महिन्याला, असं सहा महिने ते वर्षभर चालतं. गणित तिथे बिघडतं. औषधाने जरा बरं वाटू लागलं की धानाचं काम निघतं, एक फेरी चुकते, गोळ्या संपतात आणि मुलगी पुन्हा पहिल्या जागी येते.

याच जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण आहेत. त्यांच्या नियमित फेऱ्यांसाठी साध्या एसटी बसचा प्रवास सरकारने मोफत केलाय. डायलिसिस, हिमोफिलिया आणि एचआयव्हीच्या रुग्णांनाही ती सवलत आहे. आजार लांबतो, फेऱ्या चुकल्या तर माणूस ढासळतो, हे तिथे शासनाला पटलं. मानसिक आजाराच्या बाबतीत तेच कारण असून ते पटलेलं नाही. चाळीस टक्के किंवा अधिक अपंगत्वाचं प्रमाणपत्र असेल तर एसटीत सवलत मिळते. पण सोळा-सतरा वर्षांच्या, वेळेवर इलाज झाला तर पूर्ण बऱ्या होणाऱ्या पोराला ते प्रमाणपत्र मिळायचं नाही आणि मिळूही नये.

योजनांचंही असंच. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, आकडा घसघशीत आहे. पण ती मुळात भरती होणाऱ्या रुग्णासाठी. ओपीडीच्या फेऱ्या, समुपदेशनाच्या बैठका, रोजच्या गोळ्या तिच्यात बसत नाहीत. खासगी विमा असलेल्यांसाठी नियामकाने ३१ ऑक्टोबर २०२२ पर्यंत सर्व पॉलिसींमध्ये मानसिक आजार धरायला लावले, पण तिथेही जोर भरतीवरच. तरुण मुलांना भरती क्वचितच लागते. थोडक्यात, सरकारी पैसा ज्या वळणावर उभा आहे, तिथून ही मुलं जातच नाहीत.

कायदा मात्र याच्या पुढे आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, अंमल २०१८ पासून. त्याचं कलम १८ वाचण्यासारखं आहे. उपचारासाठी कुणालाही लांबचा प्रवास करावा लागू नये, असं त्यात लिहिलंय, आणि मुलांचा उल्लेख वेगळा केलाय. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, कार्ड हाती असो-नसो, सरकारी ठिकाणी उपचार मोफत. किमान सेवा जिल्ह्यात नसतील तर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या ठिकाणी उपचार घ्यावेत, खर्च सरकारने सोसावा, असंही आहे. यातला ‘जिल्ह्यातल्याच’ हा शब्द केशोरीच्या माणसाला आडवा येतो. त्याला सोयीची ब्रह्मपुरी चंद्रपूर जिल्ह्यात पडते.

मग करायचं काय? आधी जवळची दारं ठोठावायची, आणि ती आहेत. मैत्री क्लिनिक हे नाव फार थोड्या पालकांनी ऐकलंय. २०१४ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात १० ते १९ वयाच्या मुलामुलींसाठी सरकारी रुग्णालयांत समुपदेशनाची सोय केली गेली, तिचं महाराष्ट्रातलं नाव हे. शारीरिक वाढ, पाळी यांबरोबर मनाच्या तक्रारीही तिथे बोलता येतात, आणि ‘वेड्यांचा डॉक्टर’ अशी पाटी दारावर नसते, हा मोठाच फायदा. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे दुसरं दार. या कार्यक्रमाच्या रचनेतच मानसोपचारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांच्या पथकाने ठरावीक दिवशी तालुक्याच्या ठिकाणी जाणं आहे. तो दिवस कोणता, हे ग्रामीण रुग्णालयात किंवा आशाताईला विचारावं. तिला माहीत नसेल तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याला विचारायला सांगावं. ई-संजीवनीवरून उपकेंद्रातच डॉक्टरशी बोलता येतं, याची आठवणही त्याच वेळी करून द्यावी.

तिसरं दार फोनचं. टेलि-मानस ही केंद्राची सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा नंबर चोवीस तास, फुकट, मराठीतही. आधी समुपदेशक बोलतो, गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञाला जोडून देतो, आणि पुढे जिल्ह्यातल्या सेवेकडे पाठवतो. गोंदियाच्या घराघरांत हिंदी, झाडीबोली, पोवारी, गोंडी अशी सरमिसळ आहे. हव्या त्या भाषेत बोलायला माणूस मिळत नसेल तर तसं तिथेच सांगावं, संकोच करू नये.

पण मुलं असतात शाळेत, आणि देवरी-सालेकसाकडची बरीच असतात आश्रमशाळांत, घरापासून दूर. कोण जेवत नाही, कोण बोलायचं थांबलंय, हे तिथे आधी दिसतं ते अधीक्षकाला किंवा स्वयंपाकघरातल्या बाईला. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १३ ते १७ वयाच्या ग्रामीण मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ६.९ टक्के निघालं. महाराष्ट्र त्या पाहणीत नव्हता, पण गोंदियाला खेटून असलेले मध्य प्रदेश आणि छत्तीसगड दोन्ही होते. हेच प्रमाण धरलं तर दोनशे मुलांच्या शाळेत तेरा-चौदा मुलं होतात. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये शंभर किंवा अधिक विद्यार्थ्यांच्या संस्थांना पात्र समुपदेशक नेमायला सांगितलं, लहान संस्थांना बाहेरच्या तज्ज्ञांशी सांधा जोडायला सांगितलं. त्यावर ठरलेलं उत्तर येतं : हे काम शिक्षकांनाच प्रशिक्षण देऊन देऊ. बिहारच्या नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांमध्ये नेमकं हेच तपासलं गेलं. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली आलेला निकाल स्पष्ट होता. या कामासाठी वेगळा नेमलेला, डॉक्टरही नसलेला साधा समुपदेशक होता तिथे शाळेचं वातावरण आणि मुलांची मनःस्थिती सुधारली. तेच काम शिक्षकांवर टाकलं तिथे फरक पडला नाही. शिक्षकाच्या डोक्यावर आधीच मतदार यादीपासून पोषण आहारापर्यंत काय काय आहे हे माहीत असलेल्याला नवल वाटणार नाही.

साध्या माणसांवर भरवसा टाकण्याचा अनुभव विदर्भाला आहे. ‘विश्राम’ या प्रकल्पात अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावपातळीच्या कार्यकर्त्यांनी नैराश्य ओळखणं, धीर देणं आणि पुढे पाठवणं हे काम केलं. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण आधी ४.३ टक्के होतं, दीड वर्षात ते २७.२ टक्क्यांवर गेलं. ही मोठ्यांची गोष्ट, पण गावं आपल्यासारखीच. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी राज्याने काढलेल्या ‘प्रेरणा’ प्रकल्पाच्या १४ जिल्ह्यांत गोंदिया नव्हता. धानाच्या पट्ट्यातलं दुःख कापसाच्या पट्ट्याइतकं बातम्यांत येत नाही, हेही त्यामागे असावं.

तज्ज्ञापर्यंत पोचलात तर पहिल्याच भेटीत तीन गोष्टी मागून घ्याव्यात. एक, औषधं जेनेरिक नावाने लिहून द्या, म्हणजे जनऔषधी केंद्रातून घेता येतील. दोन, पुढची गोळी आमच्या ग्रामीण रुग्णालयातून मिळेल अशी चिठ्ठी द्या. तीन, मधल्या भेटी फोनवर चालतील का ते सांगा. मूल अठराच्या आतलं असेल तर पालकाचं आधार आणि रेशनकार्ड सोबत ठेवावं. गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. आणि मूल जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा बोलत असेल तर ओपीडीच्या दिवसाची वाट न बघता त्याच रात्री जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यावं, वाटेतच १४४१६ लावावा, आणि त्याला एकटं सोडू नये. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्याला तीव्र मानसिक ताणाखाली होता असंच २०१७ चा कायदा धरतो, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळण्याचं कारण नाही.

आपल्या तालुक्यात जिल्हा पथक कोणत्या दिवशी येतं, हे या आठवड्यात विचारून घ्या आणि ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहायला लावा. पुढच्या लेखांकात देवरी प्रकल्पातल्या आश्रमशाळांकडे वळू.