ड्रिफ्टची जुनी गाडी : पार्ट्सची यादी आणि खरी किंमत

ड्रिफ्टिंगसाठी, म्हणजे गाडी मुद्दाम आडवी सरकवत चालवण्यासाठी, तयार केलेली जुनी गाडी विकायला निघते तेव्हा जाहिरातीत गाडीपेक्षा तिच्यात बसवलेल्या पार्ट्सचंच वर्णन जास्त असतं. मोठा टर्बो, कॉइलओव्हर, हायड्रॉलिक हँडब्रेक, बकेट सीट, आणि शेवटी ठरलेलं वाक्य : मागतोय त्याहून जास्त पैसे नुसत्या पार्ट्समध्ये गेलेत. हे वाक्य बऱ्याचदा खरंही असतं. मात्र त्यावरून 'म्हणजे मला स्वस्तात मिळतेय' असा जो अर्थ लावला जातो, तो चुकीचा आहे. पहिल्या मालकाने खर्च केलेला पैसा गाडीसोबत दुसऱ्याच्या हाती येत नाही. हाती येतं ते ज्याने पार्ट बसवले त्याचं काम. चांगला पार्ट वाईट हाताने बसवला असेल तर तो काढून, मोडलेलं दुरुस्त करून पुन्हा बसवण्याचा खर्च नव्या मालकाच्या माथी येतो. म्हणून अशा गाडीची किंमत यादीवरून नव्हे, कामाच्या दर्जावरून ठरवावी, असं माझं ठाम मत आहे.

हौशी माणसाची नजर आधी हॉर्सपॉवरच्या आकड्यावर जाते, आणि सगळ्यात मोठा गैरसमजही तिथेच आहे. ज्या जपानमध्ये ड्रिफ्टिंगचा प्रकार वाढला, तिथे त्याची ओळख बनलेली टोयोटाची एई ८६ ही गाडी १९८३ ते १९८७ या काळातली. १.६ लिटरचं इंजिन, जेमतेम १३० हॉर्सपॉवर, टर्बो नाही. 'ड्रिफ्ट किंग' म्हणून ओळखले जाणारे केइची त्सुचिया याच गाडीवर नावारूपाला आले. वजन टनाच्या आत, इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, एवढं त्या गाडीला पुरेसं होतं. निस्सानची सिल्व्हिया एस १३ ही १९८८ ची गाडी. टर्बोसह तिची ताकद सुरुवातीला १७५ हॉर्सपॉवर होती, १९९१ मध्ये एसआर २० डीईटी इंजिन आल्यावर २०५ झाली. नवशिक्याला एवढी ताकद पुरून उरते. साडेतीनशे हॉर्सपॉवरची गाडी ड्रिफ्टच्या मैदानावर टायर लवकर संपवते, क्लच जाळते, आणि सिल्व्हियाचा मूळचा गिअरबॉक्स तो भार फार काळ सोसत नाही. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत जास्त ताकद लागते, हा आक्षेप रास्त आहे. पण त्या दर्जाचा चालक जाहिरातीतल्या आकड्यावर विश्वास ठेवून गाडी घेत नाही.

ताकद वाढवलेल्या इंजिनाबद्दल दुसरा समज असा की एक चक्कर मारून आलं, गाडी छान ओढते, म्हणजे इंजिन ठणठणीत. रस्त्यावरच्या चकरेत इंजिनावर भार येतो तो किती? कंपनीने ईसीयूमधलं (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधलं) पेट्रोल-हवेचं गणित मूळ टर्बो, मूळ इंजेक्टर आणि मूळ एअरफ्लो मीटर धरून मांडलेलं असतं. कोणी टर्बो मोठा बसवला आणि ईसीयूचं ट्यूनिंग तसंच ठेवलं, तर वरच्या आरपीएमला पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग सुरू होतं आणि शेवटी पिस्टन जातो. ड्रिफ्टमध्ये इंजिन सतत त्याच वरच्या आरपीएमला असतं; शिवाय गाडी आडवी सरकत असल्यामुळे रेडिएटरला समोरून वारा कमी मिळतो. म्हणून चांगला रेडिएटर आणि ऑइल कूलर हे मोठ्या टर्बोपेक्षा जास्त महत्त्वाचे, पण जाहिरातीत त्यांना कोपऱ्यातही जागा नसते. एसआर २० ची एक त्रासदायक खोड जाणकारांना पाठ आहे : आरपीएम लिमिटरवर वारंवार आपटलं की रॉकर आर्म जागेवरून निसटतात. ड्रिफ्ट करणारा तर लिमिटरवर रोजच जातो. तेव्हा गाडी बघायला जाताना मालकाला आधीच सांगावं की इंजिन गरम करून ठेवू नका. थंड इंजिन सुरू होतानाचा आवाज आणि धूर बघावा, मग कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्यावी. चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असायला हवेत. एखादा फार मागे असेल तर कारण कळेपर्यंत भाव बोलू नये. डायनोचा (ताकद मोजणाऱ्या यंत्राचा) कागद दाखवला तर त्यावरची तारीख आणि टर्बो बसवल्याची तारीख ताडून बघावी.

वेल्ड केलेल्या डिफरन्शियलबद्दलचा गैरसमज उलट बाजूचा आहे. आतले गिअर वेल्डिंगने जाम केले म्हणजे गाडी जुगाडाची, असं म्हणून लोक चांगली गाडी सोडतात. वास्तविक मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरावीत, हीच ड्रिफ्टची गरज असते आणि वेल्डिंग ती सगळ्यात कमी पैशांत भागवतं. महागडी एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरन्शियल) जास्त सौम्य वागते, पण शिकाऊ चालकासाठी वेल्ड केलेलं डिफरन्शियल हा प्रामाणिक पर्याय आहे. फक्त ते आहे हे माहीत असलं पाहिजे, कारण हळू वळणावर आतलं टायर घासतं, उड्या मारतं आणि ॲक्सलवर ताण येतो. ओळखायला सोपं आहे. मागची दोन्ही चाकं उचलून, गाडी गिअरमध्ये ठेवून, एक चाक हाताने फिरवायचं. साधं डिफरन्शियल असेल तर दुसरं चाक उलटं फिरतं. वेल्ड केलेलं असेल तर चाक फिरतच नाही. स्टिअरिंगचंही असंच. जास्त वळणारी पुढची चाकं म्हणजे चांगलीच गोष्ट, असं धरून चालू नये. कापून वेल्ड केलेले स्टिअरिंग नकल (पुढचं चाक वळवणारे भाग) बसवलेले असतील तर स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून खाली बसून बघावं : ब्रेकचा होज ताणला जातोय का, टायर कुठे घासतंय का, वेल्डिंगच्या रेषेत बारीक भेग आहे का. टोकाला गेलेलं स्टिअरिंग आपोआप मागे येत नसेल तर ती गाडी मैदानावर ऐन वेळी दगा देईल.

'ड्रिफ्टची गाडी ठोकलेली असणारच, बॉडी काय बघायची?' हा आक्षेप अर्धाच खरा. फेंडर आणि बंपर चेपले तर फारसं बिघडत नाही. पण चासीचे पुढचे दांडे वाकले, शॉकॲबसॉर्बर जिथे बसतो तो भाग सरकला, तर चाकांचं अलाइनमेंट पुन्हा जुळणं कठीण होतं आणि वरचे सगळे महाग पार्ट व्यर्थ जातात. जपानमधल्या लिलावाच्या कागदावर 'आर' हा दर्जा असेल तर अपघातानंतर गाडीच्या सांगाड्याची दुरुस्ती झाल्याची नोंद आहे, असं समजावं. ताजा रंग आणि खालून मारलेला काळा लेप यांच्याकडे अधिक संशयाने बघावं, कारण त्यांच्याखाली पुट्टी आणि गंज दोन्ही लपतात. रोल केज (आतला पाइपांचा पिंजरा) आहे म्हणजे गाडी सुरक्षित, हा तर धोकादायक समज. गंजलेल्या फ्लोअरवर वेल्ड केलेली केज अपघातात फ्लोअर फाडून निघते. आणि रस्त्यावर हेल्मेटशिवाय चालवताना डोक्याजवळचा तोच लोखंडी पाइप जीव घेऊ शकतो.

मग मूळ अवस्थेतली गाडी घेऊन स्वतःच तयार करावी का? पूर्वी मी बिनदिक्कत हो म्हटलं असतं. पण अमेरिकेत पंचवीस वर्षं जुनी परदेशी गाडी आयात करायला मोकळीक आहे, आणि १९९९ ची सिल्व्हिया एस १५ त्या वयाची २०२४ मध्ये झाली. न छेडलेल्या गाड्या आधीच कमी होत्या, आता या मागणीमुळे महागही आहेत. त्यामुळे तयार गाडी घेणं पुष्कळदा स्वस्त पडतं, हे मान्यच आहे. अट एकच : कामाच्या पावत्या असाव्यात, ट्यूनिंग कोणी केलं ते कळावं, आणि गाडी अलीकडे मैदानावर चाललेली असावी.

महाराष्ट्रात बसून जपानी जाहिराती न्याहाळणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र स्वच्छ समजून घ्यावी. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही, आणि ती मुंबई बंदरातूनच यावी लागते. सिल्व्हियाचं उत्पादन २००२ मध्ये संपलं, म्हणजे ती या नियमात बसतच नाही. इथल्याच मागच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या गाडीत बदल करून घ्यायचे म्हटले, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आडवे येतात : निर्मात्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. आरसीवर आपलं नाव चढलं की आधीचे बदल कायदेशीर होतात, हा भ्रम आहे. बेकायदा बदलासाठी प्रत्येकी पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे आणि नोंदणी निलंबित होऊ शकते. विमाही शर्यतीतल्या नुकसानीची भरपाई देत नाही. म्हणून अशी गाडी ट्रेलरवरून खासगी मैदानावर न्यायची तयारी असेल तरच घ्यावी, आणि कुठल्याही देशात घेत असाल, तरी जो मालक ती लिफ्टवर चढवू देत नाही त्याच्याशी व्यवहार करू नका.