वहीच्या कव्हरवरचा रशिया

सोलापुरात आमच्या पिढीला रशिया पहिल्यांदा भेटला तो वह्यांच्या कव्हरवर. ‘सोव्हिएत देश’ या नियतकालिकाचे गुळगुळीत रंगीत कागद कव्हर घालायला झकास. एकच खोट होती, त्यांच्यावर शाई धरायची नाही. नाव लिहिलं की बोटाला यायचं आणि खळीनं डकवलेलं लेबल दोन दिवसांत गळून पडायचं. माझ्या इतिहासाच्या वहीवर एका वर्षी चवड्यावर उभी राहिलेली बॅले नर्तकी होती. ती कुठल्या खेळातली, हे घरात कुणालाच सांगता आलं नाही.

खरं तर रशियन वारं आमच्या जिल्ह्यात त्याच्या कितीतरी आधी शिरलं होतं. बार्शीचे शाहीर अमर शेख गिरणी कामगारांच्या लढ्यात तयार झाले. 1944 मध्ये अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर यांच्यासोबत त्यांनी ‘लाल बावटा कलापथक’ उभं केलं. अण्णा भाऊंनी तर स्टालिनग्राडच्या लढाईवर पोवाडा रचला होता. रशियातली लढाई आणि तिला डफ-तुणतुण्याची साथ! आचार्य अत्र्यांनी अमर शेखांना रशियन कवीच्या नावावरून ‘महाराष्ट्राचा मायकोव्हस्की’ म्हटलं. पुढे 1961 मध्ये अण्णा भाऊ स्वतः रशिया पाहून आले आणि त्यांनी प्रवासवर्णन लिहिलं.

बंदिस्त रंगमंचावरचा रशिया मराठीत आला तो पु. ल. देशपांड्यांच्या ‘अंमलदार’मधून, 1952 च्या सुमारास. मूळ नाटक गोगोलचं, 1836 चं. वरून तपासनीस येणार म्हणून गावातले अधिकारी हादरतात आणि भलत्याच फाकड्या माणसाला साहेब समजून त्याच्यापुढे लोटांगण घालतात. ज्या जिल्ह्यात साहेबाचा दौरा ठरला की रातोरात भिंतींना चुना लागतो, तिथे या नाटकाला रशियन कोण म्हणणार? के. नारायण काळे यांनी रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीचं अभिनयशास्त्र मराठीत आणलं, त्यामुळे इंग्रजीशी फारसं न जमणाऱ्या हौशी नटालाही ते वाचता येऊ लागलं.

आणि हौशी नटांची सोलापुरात कधी वाण नव्हती. दिवसा नोकरी, रात्री तालीम. अतुल कुलकर्णी इथल्याच ‘नाट्य आराधना’त घडले आणि मग दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले. गायिका-अभिनेत्री फैय्याजही सोलापूरच्याच. प्रेक्षकांना तर सगळंच हवं असायचं. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, एरवी भागवत टॉकीजचा सिनेमा, अधूनमधून हुतात्मा स्मृती मंदिरात नाटक. नाटक सुटल्यावर पार्क चौपाटीवर भेळ खाता खाता नटांची जी चिरफाड व्हायची, तिच्यापुढे वर्तमानपत्रातलं परीक्षण मवाळ वाटायचं.

पुढे एकेक गिरणी बंद पडली, भोंगे थांबले. 1991 मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही, वह्यांना खाकी कव्हरं आली. माझ्या वहीवरची नर्तकी रद्दीत गेली. तिचा नाच मी रंगमंचावर कधीच पाहिला नाही, पण गोगोलचा साहेब मराठीत बोलताना मनसोक्त पाहिला. माझ्या लेखी सौदा फायद्याचा झाला.

राज्य नाट्य स्पर्धा 1954 पासून चालू आहे आणि सोलापूर हे तिचं एक केंद्र. तिकीट भेळेच्या पुडीइतकंही महाग नसतं. यंदा फेरी लागली की जाऊन बसा. समोरच्या खुर्च्या रिकाम्या पाहून नटांना वाईट वाटतं.