काळ्या पट्टीची कैफियत

मैसूरच्या पश्चिमेस, विद्यापीठाचे मानसगंगोत्री आवार मागे टाकून बोगादीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दुतर्फा ज्या नव्या वसाहती वसल्या आहेत, त्यांतील घरांपुढे उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारी कोणी जरा निरखून पाहील, तर एक विसंगती त्याच्या नजरेस आल्यावाचून राहणार नाही. पत्र्याचा रंग लखलखीत असतो. पण बंपरची कड, चाकांवरच्या कमानी, दरवाजांखालची पट्टी आणि वायपरच्या बुडाशी असलेली जाळी मात्र भस्म फासल्यागत राखाडी आणि कोरडी पडलेली असते. या प्रकाराविषयी मोटारमालकांत, वॉशिंग सेंटरांत आणि सल्ला देण्यास सदैव तत्पर असलेल्या शेजाऱ्यांत जे समज रूढ झाले आहेत, त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकाच गृहीतात सापडते, आणि ते म्हणजे काळा रंग उन्हाने उडाला.

वस्तुतः रंग उडालेला नसतो. या पट्ट्यांना वरून रंग दिलेलाच नसतो. प्लॅस्टिक वितळलेले असतानाच त्यात काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळलेली असते, आणि ही काजळी उन्हाला दाद न देणाऱ्या रंगद्रव्यांत अग्रगण्य गणली जाते. मैसूरच्या विक्रांत टायरच्या कारखान्यातून जे टायर बाहेर पडले त्यांचा काळेपणाही हिचाच. उतरवलेल्या पट्टीची पाठ पाहिली तर तेथे रोमन अक्षरांत ‘पीपी + ईपीडीएम – टी २०’ अशा धर्तीचा शिक्का पुष्कळदा आढळतो. पीपी म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, ईपीडीएम हे लवचिकपणासाठी घातलेले रबर, आणि टी २० चा संबंध क्रिकेटशी नसून शेकडा २० या प्रमाणात मिसळलेल्या शंखजिऱ्याशी आहे. पांढरेपणाचा अर्धा खुलासा या शिक्क्यातच मिळतो.

उरलेला अर्धा खुलासा पॉलिप्रॉपिलीनच्या रेणूत आहे. १९५४ साली इटलीत जुलिओ नात्ता यांनी हे द्रव्य सुव्यवस्थित रचनेत सिद्ध केले आणि पुढे १९६३ च्या नोबेल पारितोषिकात त्यांना वाटा मिळाला. परंतु त्याच्या लांबलचक साखळीत एकाआड एक कार्बन अणूवर असलेला हायड्रोजन सहज निखळणारा असल्यामुळे अतिनील किरण आणि हवेतील प्राणवायू यांचा संयुक्त अंमल सुरू झाला की साखळी जागोजाग तुटू लागते. संरक्षणार्थ घातलेले स्थिरक काही वर्षे तग धरतात आणि मग क्षीण होतात. अखेरीस पृष्ठभागाचा अत्यंत पातळ थर ठिसूळ होऊन त्यावर डोळ्यांना न दिसणाऱ्या असंख्य भेगा पडतात, आतले शंखजिरे उघडे पडते, आणि पडलेला प्रकाश काजळीपर्यंत पोचण्यापूर्वीच चहूकडे विखुरतो. विखुरलेला प्रकाश डोळ्यांस पांढरा दिसतो, एवढेच. मागचा दरवाजा उघडून पट्टीची जी कड एरवी दरवाजाखाली झाकलेली असते ती पाहावी: तिचा काळेपणा मोटार घेतली त्या दिवशीइतकाच शाबूत असतो, आणि त्याच्यालगत, जेथपर्यंत ऊन पोचले तेथपर्यंतच्या राखाडी भागावरून अंगठा घासला तर बोटाला बारीक भुकटी लागते.

येथे बोगादीकर हरकत घेतील की मैसूरची हवा सौम्य, येथे नागपूरसारखे ऊन कोठे? हा समज सर्वांत सभ्य, आणि म्हणूनच सर्वांत चिवट. उष्मा आणि अतिनील किरण या दोन भिन्न गोष्टी आहेत. अंगाला चटका बसला नाही म्हणजे प्लॅस्टिकही सुरक्षित राहिले असा निष्कर्ष निघत नाही. मैसूर सुमारे १२.३ अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य तेथे वर्षातून दोनदा, एप्रिलच्या चौथ्या आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास, थेट माथ्यावर येतो आणि हिवाळ्यातही फारसा खाली उतरत नाही. शिवाय शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७६० मीटरवर, म्हणजे पुण्याहून २०० मीटर उंच आहे, आणि अतिनील किरणांची तीव्रता दर १००० मीटरला साधारण १० टक्क्यांनी वाढते. विरळ ढगांतूनही त्यांचा मोठा भाग खाली पोचतो. याच शहरातील मैसूर पेंट्स अँड वार्निश हा १९३७ साली स्थापन झालेला कारखाना १९६२ पासून निवडणुकीची शाई पुरवीत आला आहे. त्या शाईतले सिल्व्हर नायट्रेट प्रकाशात काळे पडते. एकच सूर्य मतदाराचे बोट काळे करतो आणि बंपर पांढरा करतो, ही गंमत नोंदवून पुढे जाऊ.

आता घरगुती उपायांचा विचार. खोबरेल, डॅशबोर्ड पॉलिश, टायर पॉलिश, क्वचित बुटांचे पॉलिश, असा हा परिवार आहे, आणि यांपैकी काहीही चोळले की पट्टी तत्काळ काळीभोर होते, हे निर्विवाद. तथापि तिला ‘पोषण’ मिळते हा समज निराधार आहे, कारण प्लॅस्टिक काही चामडे नव्हे. ओल्या फडक्याने पट्टीचा अर्धा भाग पुसून पाहावा. तो भाग क्षणात काळा होतो, आणि पाणी सुकू लागताच कडेकडेने पांढरेपणा परत येतो. पाण्याने कोणते पोषण केले? भेगांत हवेऐवजी पाणी शिरल्यामुळे प्रकाशाचे विखुरणे कमी झाले, इतकेच घडले. पॉलिप्रॉपिलीनचा अपवर्तनांक सुमारे १.४९, पाण्याचा १.३३, आणि खोबरेलाचा १.४५ च्या आसपास; म्हणून तेलाने काळेपणा अधिक खुलतो, आणि तेल उडून जात नसल्याने तो पाण्याहून अधिक टिकतो. दोन-चार वेळा मोटार धुतली की त्याची मुदत संपते. मधल्या काळात धूळ चिकटते ती वेगळीच. सिलिकोनयुक्त पॉलिशाचा आणखी एक उपद्रव असा की पुढे कधी रंग द्यायचा ठरला तर त्याच्या अवशेषांमुळे रंग फाटून बारीक खळगे पडतात.

हीटगनचा प्रयोग याहून नाट्यमय, म्हणून अधिक मोहक. गरम हवेचा झोत फिरला की राखाडीपणा डोळ्यांदेखत मावळतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की आतले तेल वर आले. तेल आत नव्हतेच. १६० अंश सेल्सिअसच्या पुढे पॉलिप्रॉपिलीन वितळते, तसा वरचा थर वितळून भेगा बुजतात. पण तुटलेल्या साखळ्या जुळत नाहीत आणि संपलेले स्थिरक परत येत नाहीत. त्यामुळे काही महिन्यांत पूर्वस्थिती प्राप्त होते, आणि हात किंचित रेंगाळला तर पट्टीचा दाणेदार पोत कायमचा सपाट होतो किंवा शेजारच्या पत्र्यावरील रंगाला फोड येतात. हा उपाय मी तरी कोणास सांगणार नाही.

स्प्रेचा काळा रंग हे मात्र कायमचे उत्तर होऊ शकते, पण तशी तजवीज केली तरच. पॉलिप्रॉपिलीनच्या पृष्ठभागाशी रंग सहसा जमवून घेत नाही. त्यामुळे प्लॅस्टिकसाठीचा खास प्रायमर न लावता दिलेला रंग पापुद्रे होऊन निघतो, आणि अर्धवट सोललेली पट्टी मुळच्या पट्टीहून ओंगळ दिसते.

टिकाऊ काम करायचे तर पहिला मान स्वच्छतेला आहे. साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश यांनी पोतातली धूळ काढावी. पत्र्यावर वॅक्स फिरवताना पट्टीवर पसरलेले पांढरे डागही रंग उडाल्याची फिर्याद पुष्कळदा खोटीच उभी करतात, ते याच वेळी निघतात. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून जुन्या तेलाचा आणि पॉलिशाचा मागमूस नाहीसा करावा आणि पट्टी पूर्ण सुकू द्यावी. त्यानंतर प्लॅस्टिकसाठीचे कडक होणारे कोटिंग सावलीत, पातळ थरात लावून, डब्यावर लिहिलेली मुदत संपेपर्यंत पाणी लागू दिले नाही, तर ते भेगा भरते आणि धुतल्याने सहजासहजी निघत नाही. साधारण वर्षभर, कधी त्याहून अधिक काळ, त्याचा दाखला दिसत राहतो. तेलकट पट्टीवर हेच कोटिंग लावले तर दोष कोटिंगच्या माथी मारला जातो.

काचेभोवतीचे रबर बीडिंग या सर्व व्यवहारातून वगळावे. तेही काळे असले तरी ते ईपीडीएम रबर असते, आणि डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑइल यांनी ते फुगून मऊ पडते. चकाकीच्या हौसेने ऑइलचे फडके त्यावरून फिरवणारे पावसाळ्यात दरवाजातून पाणी आत येते म्हणून तक्रार करतात. वायपरखालच्या जाळीचा प्रश्न निराळा आहे. ती आकाशाकडे तोंड करून असल्याने सर्वांत आधी आणि सर्वांत खोलवर खराब होते, आणि ती वाकवताना कडेला तडे जात असतील तर कोणतेही कोटिंग तिला वाचवू शकत नाही. अशा वेळी नवी जाळी बसवून घेणेच इष्ट. ती बसविल्याबरोबर, अजून एकही भेग पडलेली नसताना, तिच्यावर कोटिंग द्यावे.